त्रेचाळिसावी सही

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. बोरजवळ्यात कुणालाही विचारा, उज्ज्वला ढोके कोण म्हणून. "ती अंगणवाडीवाली? बाप्पा बाप्पा, तिच्या तोंडी लागू नका," हेच ऐकाल. तीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. कलेक्टरसमोर उभं राहून "साहेब, होत नसंल तर खुर्ची सोडा" म्हणणारी मी बाई. तेव्हा या गोष्टीत जे झालं त्यात माझ्या तोंडाचाही वाटा आहे, तो मी लपवणार नाही. लिहिताना शाळेचं मराठी लिहीन, बोलताना मात्र आमचं वऱ्हाडीच येईल, ते चालवून घ्या.

आमच्या गावाच्या पूर्वेला जीन आहे. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. मी लग्न होऊन आले तेव्हाच तो बंद पडून दहा-बारा वर्षं झाली होती. पडकं गोदाम, तुटलेली भिंत आणि आत सहा एकरांत येड्या बाभळी. जागा सरकारजमा झालेली, आणि सरकारला तिची आठवणही नव्हती. तीच जागा आम्हा बायकांना दवाखान्यासाठी हवी होती. बाळंतपणाच्या, लहान लेकरांच्या दवाखान्यासाठी.

कारण आमच्याकडे अजूनही बाळंतीण सेहेचाळीस किलोमीटर न्यावी लागते. आता २०४३ साल उजाडलं, रस्ता चार पदरी झाला, विजेच्या गाड्या आपल्या आपण चालतात, डॉक्टर भिंतीवरच्या पडद्यात दिसतो. पण पडद्यातून त्याचा हात काही बाहेर येत नाही, आणि कळा काही सेहेचाळीस किलोमीटर थांबत नाहीत. माझंच बघा. २००८ साली सातव्या महिन्यात मी गाडीतच बाळंत झाले. इतकं रक्त गेलं की शुद्ध हरपली. जिल्ह्याच्या दवाखान्यात माझी पिशवी काढली तेव्हा कुठे जीव वाचला. आठव्या दिवशी नीट शुद्धीवर आले, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, मुलगी होती, मेलेलीच जन्मली, दवाखान्यानंच तिची विल्हेवाट लावली. मी तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. पुढं मूल होणारच नव्हतं. मग मी गावातल्या सगळ्या लेकरांना खिचडी वाढत राहिले.

आणि आमचे हे? मी मरणाच्या दारात असताना हा माणूस मला दवाखान्यात टाकून गेला, तो पाचव्या दिवशी उगवला. तोवर माझा भाऊ एकटा माझ्या उशाशी बसून होता. पस्तीस वर्षं मी यांना हे ऐकवलं. लग्नात, बारशात, चारचौघांत. "आमचे हे लई प्रेमळ हो, पाचव्या दिवशी का होईना, आले." लोक हसायचे. हेही मान खाली घालून हसल्यासारखं करायचे. नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर नोकरी केली यांनी, बोलणं तसंही कमीच.

तर दवाखान्यासाठी आम्ही चार वर्षं लढलो. निवेदनं दिली, मोर्चे काढले, शेवटी जीनाच्या आवारातच, निंबाखाली, मंडप टाकून धरणं धरलं. दोनशे बारा दिवस. माझ्या बरोबरीनं मंदा खंडारे होती, जुन्या बस थांब्याजवळ शिवणकाम करणारी. मी भांडायची, मंदा समजूत घालायची, असं आमचं वाटून घेतलेलं होतं.

गावातले पुरुष मात्र हातचं राखून होते. "दुसरी जागा पाहा ना," म्हणायचे. का, ते कुणी सांगेना. एका कंपनीला तिथं गोदाम बांधायचं होतं. मला वाटलं, या पुरुषांनी तिकडून काही कबूल करून घेतलंय. मंडपातून लाउडस्पीकरवर मी एकेकाचं नाव घेऊन धुतलं. आमचे हे रोज दुपारी माझा डबा घेऊन यायचे आणि तुटक्या भिंतीबाहेरच उभे राहायचे. "अहो, आत या, साप नाई चावत," मी ओरडायची. बायका खिदळायच्या. हे डबा भिंतीवर ठेवून जायचे.

जानेवारीत मंजुरीचं पत्र आलं. आम्ही पेढे वाटले. पत्राच्या शेवटी दोन अटी होत्या. एकतीस मार्चच्या आत जागा ताब्यात घ्यायची, नाहीतर मंजुरी दुसऱ्या तालुक्याला जाईल. आणि त्याआधी जागेचं भूस्मृती-वाचन करून घ्यायचं.

हे वाचन करायला पुण्याहून डॉक्टर तन्वी साबळे आली. पोरगीच म्हणायची, तिशीची असेल. बरोबर बैलगाडीएवढं यंत्र. ते आपल्या आपण सरकायचं, दर हातभर अंतरावर एक पोकळ सळई जमिनीत खुपसायचं, चिमूटभर माती उचलायचं आणि पुढं जायचं. मी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, "बाई गं, आमची जागा चाळणी करून देऊन रायली का तू?"

तिनं मला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. माणूस असो, बकरी असो की पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, झाड, प्रत्येकाच्या पेशीपेशीत त्याची लांबच लांब ओळखचिठ्ठी असते. तिला डीएनए म्हणतात, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. शरीर मातीत गेलं की या चिठ्ठीचे तुकडे होतात आणि जंतू ते खाऊन टाकतात. पण काळ्या मातीची गोष्ट वेगळी. तिचा कण म्हणजे अतिशय बारीक पापुद्र्यांची थप्पी. तुकडे त्या पापुद्र्यांना चिकटून बसतात, तिथं जंतूंचं काही चालत नाही. हाडं विरघळून जातात, विशेषतः कोवळी. चिठ्ठीचे तुकडे मात्र पन्नास-पन्नास वर्षं टिकतात. यंत्र ते धुऊन काढतं, लाखो तुकडे एकमेकांना जुळवतं आणि चिठ्ठी पुन्हा वाचतं.

"पण कायले वाचायची?" मी विचारलं.

"मध्ये एका शहरात बाजारसंकुलाचा पाया खणताना साथीत पुरलेली माणसं निघाली, काकू. कुणाची कोण, कुणालाच माहीत नाही. त्यानंतर कायदा झाला. सरकारी जमिनीवर बांधकाम करण्याआधी तिथं कुणी आहे का, ते पाहायचं."

"इथं कोनी नाई," मी ठणकावून सांगितलं. "इथं कापूस होता."

पंधरा दिवसांनी तन्वीनं आम्हाला मंडपात बोलावलं. बायका आत बसल्या, पुरुष भिंतीबाहेर. तिनं पडद्यावर जागेचा नकाशा लावला. निंबाच्या आसपास, गोदामाच्या मागं, लाल ठिपके होते.

"त्रेचाळीस आहेत," ती म्हणाली.

"कायचे त्रेचाळीस?"

"बाळं आहेत, काकू. सगळी एक वर्षाच्या आतली. सगळ्यात जुनं पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं."

 मग मंदानं मान वळवून भिंतीबाहेर तिच्या नवऱ्याकडं, श्रीरामभाऊंकडं, बघितलं. ते खाली बघत होते. मी इतरांकडं बघितलं. एकूण एक पुरुष खाली बघत होता.

आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे. मोठं माणूस गेलं तर जाळतात, पण तान्हं लेकरू गेलं तर पुरतात. बाप आणि एखादा काका जातो. खड्डा करायचा, मीठ टाकायचं, लेकरू ठेवायचं, माती लोटून वर बाभळीचा काटा टाकायचा, मागं वळून न बघता परत यायचं. आईला नेत नाहीत. कुठं पुरलं ते तिला सांगत नाहीत, नाहीतर तिचा पाय तिकडं ओढतो म्हणतात. आणि आईनंही विचारायचं नसतं. या रिवाजापायी त्रेचाळीस घरच्या बापांनी गावाबाहेरची तीच एक ओसाड जागा धरली आणि कुणीच कुणाला सांगितलं नाही. आम्ही चार वर्षं त्या जागेसाठी जीव टाकला, तरीही सांगितलं नाही. सांगायचं नसतं म्हणून सांगितलं नाही! असं मुकं राहायचं आमच्याच माणसांना जमू जाणे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी यांना विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

"सगळ्यायले माहीत होतं," हे म्हणाले आणि अंगणात झाडांना पाणी घालायला गेले. माझी मुलगी तर दवाखान्यातच गेली होती, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

कायदा असा की जिची बाळं सापडली त्या प्रत्येक आईनं लेखी संमती द्यायची. आई नसेल तर तिच्या पोटच्या मुलीनं किंवा मुलानं. सरकारी आरोग्यपत्रासाठी गावातल्या जवळजवळ सगळ्यांचं रक्त आधीच वाचून ठेवलेलं, त्यामुळे आया सापडायला वेळ लागला नाही. बापाकडून मात्र शोध घेत नाहीत. घरं फुटतील म्हणून ते जुळवणं कायद्यानंच बंद ठेवलंय. एकेका बाईला बंद पाकीट आलं. त्यात मुलगा की मुलगी, साधारण किती दिवसांचं, आणि नकाशावरचा ठिपका.

बायका संमतीला तयार होत, पण एक मागत. माझं लेकरू वेगळं उचलून द्या, मी दुसरीकडं ठेवते. तन्वीला तेच करता येत नव्हतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात ती फुगते आणि खालचं वर लोटते. स्वतःच स्वतःला नांगरत असते ती. इतक्या वर्षांत प्रत्येक बाळ पाच-सहा हात पसरलेलं, एक दुसऱ्यात मिसळलेलं. "वेगळं करण्यासारखं काहीच उरलेलं नाही हो," ती सांगायची आणि तिचेच डोळे भरून यायचे.

मग मी निघाले घरोघर. बेचाळीस सह्या मी एकोणीस दिवसांत आणल्या. "दवाखाना नव्हता म्हणून गेलं ना तुयं लेकरू? मंग आता दवाखान्याले कायले आडवी येतं?" हे माझं ठरलेलं बोलणं. पटायचं बायकांना. मंदा तेवढी अडली. तिचा मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला होता. ती पाकीट मांडीवर ठेवून बसली होती.

"उज्जू, तो हसाले लागला होता वं," ती म्हणाली. "मले थोडे दिवस दे."

"दिवस कुठून देऊ? मार्च लागला. अन् मंदे, आता तिथं काय हाय? माती झाली त्याची. मातीसाठी रडून रायली का तू?"

असं बोलले मी. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला. तिनं माझ्याकडं बघितलं, शिलाईच्या मशीनवर कागद ठेवला आणि सही केली.

राहिली त्रेचाळिसावी. एका बाळाची आई सापडेना. जिचं रक्त वाचलेलं नाही अशी कुणीतरी बाई होती. शोध न लागलेलं एक जरी बाळ असेल तर जागा तीन वर्षं गोठवतात. मी पेटले. रिक्षावर लाउडस्पीकर बांधून गावभर फिरले. "अवं बाई, कोन हायस तू? बेचाळीस जणींनी काळजावर दगड ठेवला अन् तू लपून बसली? लाज वाटत नाई का?" असं दिवसातून दोनदा. आमचे हे त्या दिवसांत जेवत नव्हते. ताट पुढं आलं की उठून जायचे. वय झालं, पोट बिघडलं असेल, असं मला वाटलं. मी ओव्याचं पाणी करून दिलं.

शेवटी तन्वीनं रक्त राहिलेल्यांसाठी शिबिर लावलं. बायका बिचकत होत्या. मी म्हटलं, थांबा, सगळ्यात आधी मी देते. आरोग्यपत्राच्या वेळी मी कलेक्टर कचेरीपुढं उपोषणाला बसले होते, त्यामुळे सगळ्या गावाला रांगेत उभं करणारीचंच रक्त राहून गेलं होतं. मी बाही वर केली आणि फोटोसुद्धा काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तन्वी घरी आली. पाकीट टपालानं न पाठवता हातात घेऊन आली. मी म्हटलं, "सापडली का बाई?"

"काकू, बसा," ती म्हणाली.

मुलगी होती. ठिपका निंबाच्या बुडाशी, आमच्या मंडपाच्या मधोमध, जिथं मी सतरंजी टाकून बसायची तिथं. मी कागद परत दिला. "चुकलं तुयं यंत्र. माही दवाखान्यात गेली. मेलेलीच झाली होती."

तन्वीनं कागद पुन्हा माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "नाही काकू. बाळाबरोबर दुसऱ्या गोष्टीही मातीत राहतात. मेलेल्या जन्मलेल्या बाळाच्या पोटात काही नसतं. हिच्या पोटात दुधावर वाढणारे जंतू होते. आणि बकरीच्या दुधाचे अंश. तीन-चार दिवस तरी ती जगली. कुणीतरी तिला दूध पाजत होतं."

दारात आमचे हे उभे होते. माझं त्यांच्याकडं लक्ष गेलं आणि मला कळलं.

तन्वी गेली. हे ओट्यावर बसले. मी समोर उभी.

"जित्ती झाली होती ती," हे म्हणाले. "रडली पण. बारीक आवाजात."

"मंग मले काहून सांगतलं नाई?"

"तू शुद्धीवर नव्हती. डॉक्टर म्हणे, बाई रायते का जाते, सांगता येत नाई. लेकरू सव्वा किलोचं. काचेची पेटी पायजे म्हणे, अन् एकही पेटी खाली नाई. घरी घेऊन जा म्हणे. तुह्यापाशी तुहा भाऊ होता. तिच्यापाशी कोन होतं? मी घरी आणली."

"अन् पाचव्या दिवशी आले तुमी."

"चार दिवस होती ती," हे म्हणाले.

मग पस्तीस वर्षांत बोलले नसतील इतकं हे एका दमात बोलले. शेजारच्या इंगळ्यांची बकरी व्यालेली होती. कापसाचा बोळा करून दूध पाजलं, एका वेळी पाच-सहा थेंब, जास्त दिलं की ठसका लागायचा. अंग गार पडायचं म्हणून रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, गुंडाळली. चुलीत विटा तापवून, फडक्यात बांधून दोन्ही अंगांना ठेवल्या. विटा थंड झाल्या की दुसऱ्या. "झोपलो नाई मी," हे म्हणाले. "झोपलो असतो तर विटा थंड झाल्या असत्या. चौथ्या दिवशी दूध गिळे ना. परल्हाद अन् मी घेऊन गेलो. मंग तुह्याकडं आलो."

प्रल्हाद म्हणजे यांचा धाकटा भाऊ. तोही कधी बोलला नाही, आणि माझा भाऊही नाही.

"माय म्हणे, मेलेलीच झाली म्हणून सांग, नाईतर ही पण जाईन. म्हणलं, बरी झाली म्हंजे सांगू. तू बरी झाली. मंग म्हणलं, आता कायले सांगू."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. चोर म्हटलं, खाटीक म्हटलं. माझ्या लेकीचे चार दिवस तुम्ही एकट्यानं घेतले, म्हटलं. हे ऐकून घेत राहिले. आणि ओरडता ओरडता मला आठवलं की मी पस्तीस वर्षं याच माणसाचं पाचव्या दिवसावरून लोकांत हसं करत आले. एकदा तरी तोंड उघडायचं ना! एकदा म्हणायचं, गप बस, मी तुझ्या लेकराला ऊब देत होतो! मी आत जाऊन दार लावलं.

सही मी केली नाही. आठ दिवस नाही केली. समितीच्या बायका अंगणात येऊन बसायच्या, चहा न पिता जायच्या. मला कुणी काही म्हणेना, आणि तेच मला सोसेना. मी सगळ्यांना म्हणाले होते, माती झाली. आता माझ्या डोक्यात एकच होतं, त्या मातीत तिच्या पोटातलं दूध अजून आहे, आणि त्यावर यंत्र चालवायला मीच हो म्हणायचं.

अठ्ठावीस मार्चला मंदा आली. मी म्हटलं, "म्हण तू. मी तुले म्हणलं होतं ते मले म्हण. तुहा हक्क हाय."

मंदा माझ्याजवळ बसली. "नाई म्हणत," ती म्हणाली. "लई लागलं होतं मले ते. कोनाले कोनी म्हणू नये तसं. तू सही कर, नको करू, मी तुह्याशी बोलणं सोडणार नाई." मग ती माझं डोकं मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मी तिचे पाय धरले. तिनं धरू दिले नाहीत.

त्या दुपारी मी तन्वीला बोलावून दवाखान्याचा नकाशा मागितला. "त्या काचेच्या पेट्या कुठं ठेवणार हाय?"

तिनं बोट ठेवलं. आठ पेट्या होत्या.

"सव्वा किलोचं लेकरू, सात महिन्यांचं. आज पेटीत ठेवलं तर?"

"जगतं, काकू," ती म्हणाली. "शंभरातली नव्वदच्या वर जगतात. फार काही लागत नाही. ऊब लागते आणि थेंबाथेंबानं दूध लागतं."

"तेवढं तर केलं होतं यायनं."

"हो," ती म्हणाली. "पण विटांची ऊब कमी-जास्त होत राहते. ती एकसारखी लागते."

रात्रंदिवस जागून, चुलीपाशी बसून, जे यांच्या हातानं साधलं नाही ते एक पेटी करते. एवढ्या एका पेटीपायी माझी लेक गेली. हे कळल्यावर मी नाही कशी म्हणणार होते? आणि हो तरी कशी म्हणणार होते?

मी यांच्यापुढं जाऊन बसले. आठ दिवसांत पहिल्यांदाच. "तुमी सांगा. पाजलं तुमी, पुरलं तुमी. तुमी म्हणाल तसं करतो."

 "मले नको विचारू," म्हणाले. "मी एक डाव तुले न विचारता ठरवलं. आता तू ठरव. मी तुह्यासंगं येतो."

एकतीस मार्चला सकाळी अकरा वाजता आम्ही दोघं तहसील कचेरीत गेलो. बेचाळीस जणी बाहेर उभ्या होत्या. कारकुनानं अर्ज पुढं सरकवला. मी वाचला. मग म्हटलं, "बापाची सही कुठं करायची?"

"बापाची लागत नाही, बाई. तसा रकानाच नाही."

"मंग काढा रकाना. चार दिवस लेकरू यायच्या हातात होतं. माह्या हातात एक घटकाभर नव्हतं. यायचं नाव नाई तर मी सही करत नाई."

कारकून चिडला, आत गेला, साहेबांना घेऊन आला. साहेब म्हणाले, कायद्यात नाही ते मी कसं करू? मी अडून बसले. भांडायला मला येतं, त्या दिवशी मात्र माझा आवाज फाटत होता. शेवटी यांनीच माझ्या दंडाला धरलं. "अवं, राहू दे," म्हणाले. "तिले माहीत हाय."

मी सही केली. अक्षर वाकडं आलं. कारकुनानं शिक्का मारला आणि बाहेर बायकांमध्ये कुणीतरी रडायला लागली. टाळी कुणी वाजवली नाही. चार वर्षं जिच्यासाठी उन्हातान्हात बसलो ती जागा मिळाली होती, आणि एकीलाही आनंद झाला नाही.

बाहेर व्हरांड्यात बाकडं होतं. माझ्यानं पुढं चालवेना, म्हणून आम्ही तिथं बसलो. लोक दाखल्यांचे कागद घेऊन ये-जा करत होते. मी यांना विचारलं, "चार दिवस रात्रंदिवस जागे होते तुमी. काही बोलले असान तिच्याशी."

"लहान लेकराशी काय बोलाचं."

"सांगा."

हे समोर बघत राहिले. 

"एकच म्हणो," हे म्हणाले. "म्हणो, तुही माय येऊन रायली. निंघाली म्हणो तिथून. पोचतेच आता. थोडी कळ काढ."

"अन् ती?"

"ती ऐके. डोळे उघडून दाराकडं पाहे."

मी त्या बाकड्यावर, सगळ्या कचेरीदेखत, हंबरडा फोडला. पस्तीस वर्षांचं सगळं एकदम आलं. माणसं थांबून बघायला लागली, मंदा धावत आली, मला कशाचीच शुद्ध नव्हती. एक शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आला. ग्लास माझ्या हातात राहीना. यांनी तो घेतला, माझ्या डोक्यामागं हात ठेवला आणि मला ठसका लागणार नाही अशा बेतानं, घोट घोट करून, सगळा ग्लास पाजला.